जनावरांचा जलोपचार: पाण्यातल्या व्यायामाने लंगडा बैल, बसलेली गाय किंवा जखमी कुत्रा खरोखर बरा होतो का?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वर्धा जिल्ह्यातल्या गोठ्यांत खांदशेकणी होते. दिवसा नदीवर किंवा नाल्यावर नेऊन बैल धुतलेले असतात. संध्याकाळी त्यांचे खांदे कोमट पाण्याने शेकले जातात आणि त्यावर हळद-तूप किंवा लोणी चोळले जाते. वर्षभर जू वाहून कडक झालेल्या, कधी सुजलेल्या खांद्याला आराम मिळावा हा त्यामागचा हेतू. या एका दिवसात पाण्याचे दोन वेगळे उपयोग होतात. नदीत बैल खोल पाण्यात उभा राहतो तेव्हा त्याच्या पायांवरचा भार हलका होतो. गोठ्यात गरम पाण्याने खांद्यातला रक्तपुरवठा वाढतो.

पशुवैद्यकात ज्याला जलोपचार किंवा हायड्रोथेरपी म्हणतात, तो याच दोन गोष्टींवर उभा आहे. फरक इतकाच, की तिथे पाण्याची खोली, तापमान, वेळ आणि दिवस ठरवलेले असतात, आणि जनावराला नेमके काय झाले आहे हे आधी तपासलेले असते. हा फरक लहान वाटला तरी बैल पुन्हा जुवाखाली जाणार की नाही, हे अनेकदा त्यावरच ठरते.

पाण्यात नेमके काय घडते?

पहिली गोष्ट म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर. पाणी जितके वर, तितका पायांवरचा भार कमी. कुत्र्यांवर केलेली मोजमापे यासाठी नेहमी सांगितली जातात. पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर मूळ वजनाच्या सुमारे ९१ टक्के भार राहतो. गुडघ्यापर्यंत आले तर सुमारे ८५ टक्के. पण मांडीचे हाड जिथे खुब्यात बसते तिथपर्यंत पाणी चढले की भार एकदम ३८ टक्क्यांवर येतो. म्हणजे गुडघाभर पाण्यातून चालवल्याने सांध्याला फारशी सूट मिळत नाही. खरा फरक पोट पाण्याखाली गेल्यावर पडतो, कारण जनावराचे वजन पायांत नसून धडात असते.

घोड्यांचेही असेच. पाणी पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत असेल तर भार दहा-पंधरा टक्केच घटतो. पुठ्ठ्याच्या वर आलेल्या हाडापर्यंत पोचले तर तो सुमारे तीन चतुर्थांशाने कमी होतो. बैलासाठी अशी खास मोजमापे सहसा वापरात नाहीत, पण चौपायांचे गणित सारखेच आहे असे धरले, तर चारशे किलोचा बैल तेवढ्या खोल पाण्यात जेमतेम शंभर किलोचा भार पायांवर घेऊन उभा असतो.

दुसरी गोष्ट दाब. खोल पाण्यात खुराजवळचा दाब वरच्या भागापेक्षा जास्त असतो, त्यामुळे पायात साचलेली सूज वर ढकलली जाते. तिसरी गोष्ट विरोध. हवेतून पाय उचलणे आणि पाण्यातून उचलणे यात किती फरक आहे, हे चिखलणी केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. सांध्यावर आदळआपट न होता स्नायूंना कष्ट पडतात, ते या विरोधामुळे. चौथी गोष्ट तापमान. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. कोमट पाणी ताठर स्नायू सैल करते. थंड पाणी नव्या दुखापतीची सूज आणि वेदना कमी करते. पण हाच गुण उलटतोही. अशक्त जनावर थंड पाण्यात ठेवले तर त्याच्या अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते.

यापलीकडे पाण्यात काही गूढ नाही. वर्ध्यात हे वेगळे सांगायला हवे. सेवाग्राममुळे निसर्गोपचाराची परंपरा या भागाला जवळची आहे. टबमधले स्नान, मातीच्या पट्ट्या यांवर गांधीजींचा विश्वास होता. मात्र शरीरातली 'घाण' पाण्याने बाहेर पडते, हा त्या परंपरेतला विचार. जनावरांच्या पुनर्वसनातला जलोपचार तसा कोणताही दावा करत नाही. भार कमी करून हालचाल परत आणणे, एवढेच त्याचे काम.

ही पद्धत आली कुठून?

सुरुवात घोड्यांपासून झाली, कारण शर्यतीच्या घोड्याचा पाय म्हणजे मालकाची सारी गुंतवणूक. पायाच्या दुखण्यासाठी घोडे समुद्रात चालवण्याची रीत अनेक देशांत जुनी आहे. तिचे गाजलेले उदाहरण म्हणजे इंग्लंडचा रेड रम. खुरातल्या हाडाच्या दाहाचा त्रास असलेला हा घोडा त्याचा प्रशिक्षक जिंजर मॅकेन साउथपोर्टच्या किनाऱ्यावर वाळूत आणि समुद्राच्या पाण्यात चालवत असे. रेड रमने ग्रँड नॅशनल ही अवघड अडथळ्यांची शर्यत १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा जिंकली. एका घोड्याच्या यशाने उपचार सिद्ध होत नाही, पण घोड्यांच्या जगात पाण्याला मान मिळाला त्यात या कथेचा वाटा मोठा. पुढे घोड्यांचे तलाव आले आणि पाण्याखालचा चालपट्टा आला. काचेच्या टाकीत फिरता पट्टा असतो आणि पाणी हव्या त्या उंचीपर्यंत भरता येते. कुत्र्यांसाठी हेच यंत्र लहान आकारात तयार झाले. आज मोठ्या शहरांतल्या पाळीव प्राण्यांच्या उपचारांत ते सर्वाधिक दिसते.

महाराष्ट्रात अनेकांनी 'हायड्रोथेरपी' हा शब्द पहिल्यांदा वाचला तो बहुधा २०२५ च्या ऑगस्टमध्ये, एका हत्तिणीच्या निमित्ताने. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण मुंबई उच्च न्यायालयाच्या १६ जुलैच्या निकालानंतर, आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवल्यानंतर, जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवली गेली. तिच्या सांध्यांचा आणि पायांचा आजार हा त्या वादातला एक मुद्दा होता. लोकांच्या तीव्र विरोधानंतर वनताराने नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातल्या सोयींच्या यादीत जलोपचाराचा तलाव होता. मथुरेजवळ वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने २०१८ मध्ये सुरू केलेल्या हत्ती रुग्णालयातही तशी सोय आहे. कारण साधे आहे. वर्षानुवर्षे कडक जमिनीवर उभ्या राहिलेल्या तीन-चार टनांच्या प्राण्याचे सांधे हलके करण्याचा पाण्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही.

पोहणे की पाण्यात चालणे?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. दोन्ही पाण्यातच, मग फरक काय?

पोहताना पायांवर भार जवळजवळ नसतो. सांधे मोठ्या प्रमाणात वाकतात. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांमध्ये चालण्यापेक्षा पोहताना गुडघा आणि घोटा जास्त हलतो, असे अभ्यासात दिसले आहे. पण पोहताना मागचा पाय पूर्ण मागे ताणला जात नाही. शिवाय पाय टेकवायचाच नसल्याने दुखरा पाय चुकवण्याची सवय जनावर पाण्यातही चालू ठेवू शकते. अनेक कुत्री पुढच्या दोन पायांवरच पोहतात आणि मागचे नुसते तरंगत ठेवतात. मालकाला वाटते व्यायाम झाला, प्रत्यक्षात ज्या पायाला हवा होता त्याला झालेलाच नसतो.

पाण्यात चालताना तळ पायाखाली असतो. प्रत्येक पाऊल टाकावे लागते, भार मात्र कमी असतो. चाल पुन्हा शिकवायची असेल, एका पायावरून दुसऱ्यावर वजन घ्यायची सवय लावायची असेल, तर चालणेच उपयोगी. पाणी थोडे थोडे कमी करत गेले की पायावरचा भार हळूहळू परत येतो. उपचाराची खरी शिडी हीच.

घोडा किंवा बैल पोहतो तेव्हा आणखी एक अडचण येते. मान वर ताणलेली राहते आणि पाठ खाली वाकते. पाठीचे दुखणे असलेल्या जनावराला हे त्रासाचे ठरते. घोडे पोहताना श्वास रोखून धरतात, त्यामुळे फुप्फुसांवर ताण येतो. शर्यतीच्या बैलांना विहिरीत किंवा तळ्यात पोहणी देण्याची रीत महाराष्ट्रात आहे, आणि न्यायालयाने २०२३ मध्ये शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यानंतर विदर्भातल्या शंकरपटांचीही चहलपहल वाढली. निरोगी बैलाचा दम वाढवायला पोहणी चालते. लंगडणाऱ्या बैलाला मात्र तोच उपाय म्हणून पोहायला लावणे चूक आहे. त्याला पोटाइतक्या पाण्यात चालवायचे असते.

उठवणीला आलेली गाय

शेतकऱ्याच्या दृष्टीने जलोपचाराचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग कुत्र्या-घोड्यांचा नाही. तो आहे बसलेल्या जनावराचा.

संकरित गाय व्याल्यावर दुग्धज्वराने बसते. अंगातले कॅल्शियम उतरलेले असते, सलाइन लावले की बऱ्याच गाई काही तासांत उठतात. काही उठत नाहीत. तोपर्यंत दुसराच आजार सुरू झालेला असतो. चार-पाचशे किलोचे धड एकाच मांडीवर तासन्‌तास पडून राहिल्याने खालच्या स्नायूंतला रक्तप्रवाह दबतो, स्नायू सुजतात आणि मरू लागतात, नसा दबतात. हे नुकसान सहा ते बारा तासांत सुरू होऊ शकते. म्हणजे गाय सुरुवातीला कॅल्शियमअभावी बसली आणि आता पाय मेल्यामुळे बसली आहे. अवघड बाळंतपणात नस दबली तरी असेच होते, आणि उन्हाळ्यात चाऱ्याअभावी हाडे निघालेली जनावरे उठवणीला येतात तेव्हाही.

परदेशात यासाठी तरंगती टाकी वापरतात. बसलेली गाय चटईवर ओढून पत्र्याच्या टाकीत घेतात, दारे घट्ट लावतात आणि साधारण अंगाइतक्या गरम, म्हणजे ३७-३८ अंश सेल्सियसच्या पाण्याने टाकी भरतात. पाणी चढत जाते तसे पाण्याच्याच जोराने गाय उभी होते आणि सहा-आठ तास पाण्याच्या आधाराने उभी राहते. दबलेल्या मांडीत रक्त फिरते. पहिल्याच खेपेला चारही पायांवर तोल घेणाऱ्या गाई पुढे उठण्याची शक्यता जास्त असते. एक पाय लोंबकळत ठेवणाऱ्या गाईंचे भवितव्य फारसे बरे नसते. त्यामुळे टाकी हे उपचाराबरोबरच निदानाचेही साधन ठरते.

अशी टाकी वर्ध्याच्या गावात कुठून येणार? हजारो लिटर गरम पाणी कुठून येणार? हा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच त्यामागचे तत्त्व कळणे टाकीपेक्षा महत्त्वाचे आहे. टाकी जे करते त्याचा अर्धा भाग कोरड्या गोठ्यात जमतो. जाड कडब्याचे किंवा वाळूचे अंथरूण घालावे. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस पालटावी. मांड्या कोमट पाण्याने शेकून चोळाव्यात. पाय वाकवून-सरळ करून हलवावेत. पोटाखालून रुंद पोती किंवा पट्टे घालून झाडाच्या फांदीला वा चेन-पुलीला टांगण्याची रीत आहे, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडा थोडा वेळ चालते. जनावर तासन्‌तास लटकत ठेवले तर पट्ट्यांचाच दाब घातक ठरतो. बसलेली गाय ओढत नदीत नेणे मात्र कधीही करू नये. मान वर धरण्याची ताकद नसलेले जनावर हातभर पाण्यातही बुडते, आणि नदीचे पाणी त्याच्या अंगापेक्षा कितीतरी थंड असते.

वर्धा जिल्ह्यात काय जमू शकते?

आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हा पट्टा गवळाऊ जातीचा. पांढऱ्या-करड्या रंगाची, हलक्या बांध्याची, वेगाने चालणारी ही जनावरे मराठ्यांच्या काळात सैन्याची वाहतूक करण्यासाठी नावाजली होती. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचे शासकीय पैदास केंद्र आहे. अशा चालीच्या बैलाची किंमत त्याच्या पायांत असते. काळ्या मातीत पावसाळ्यात घसरून फऱ्याला किंवा खुब्याला लचक बसणे हे इथले नेहमीचे दुखणे.

लचकेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस थंड पाणी आणि विश्रांती. या काळात शेक देऊ नये, सूज वाढते. डॉक्टरांनी हाड मोडलेले नाही, सांधा निखळलेला नाही याची खात्री केल्यावर, साधारण सूज उतरू लागली की पाण्यात चालवता येते. धाम, वेणा, बोर किंवा वर्धा नदीला उन्हाळ्याआधी आणि पावसाळा ओसरल्यावर उथळ, संथ डोह असतात. जागा निवडताना तळ बघावा. वाळू किंवा बारीक गोटे चांगले. काळ्या चिकणमातीचा तळ असेल तर बैलाचा पाय रुततो आणि बाहेर काढताना पुन्हा लचकतो, म्हणजे उपचारच दुखापत होतो. उतरण्याची वाटही तिरकी, सावकाश हवी. धरणाच्या कालव्यात बैल उतरवू नये. काठ सिमेंटचे आणि निसरडे असतात, पाणी अचानक वाढते आणि जनावराला वर येता येत नाही.

सुरुवात पाच मिनिटांपासून करावी. पाणी पोटाला लागेल एवढे, चाल सावकाश, सरळ रेषेत. दोन माणसे हवीत, एक डोक्याजवळ आणि एक पुठ्ठ्याच्या बाजूला. वेसणीला धरून पाण्यात ओढू नये, त्याऐवजी मोरकी बांधावी. बैल धापा टाकू लागला, थरथरू लागला किंवा पाय आधीपेक्षा जास्त चुकवू लागला तर लगेच बाहेर काढावे. दुसऱ्या दिवशी लंगडणे वाढलेले दिसले तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजावे आणि एक दिवस सोडून वेळ निम्मी करावी. भरल्या पोटी पाण्यात घालू नये. वैशाखात दुपारी हौदातले पाणी इतके तापते की त्यात व्यायाम करणारे जनावर थंड होण्याऐवजी तापते, त्यामुळे वेळ सकाळचीच.

गोशाळा किंवा दूध संस्थेला थोडा खर्च शक्य असेल तर नदीपेक्षा सिमेंटची लांबट चर बरी. दोन्ही टोकांना उतार, खरखरीत तळ, बाजूला लोखंडी आडवे पाइप, पाणी उपसून बदलण्याची सोय. खोली ठरवता येते आणि पाण्याची खात्री असते. साचलेल्या तळ्यात ती नसते. तिथल्या गोगलगायींमधून यकृतात आणि पोटात जाणारे चपटे कृमी जनावरांना लागतात, आणि उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरा माणसालाही लागतो. पायाला चीर असेल तर माणसानेही अशा पाण्यात उतरू नये.

घरचा कुत्रा

रस्त्यावर गाडीची धडक बसलेली कुत्री हा वर्धा-नागपूर रस्त्यावरचा रोजचा प्रसंग. पिपरी (मेघे) इथल्या पीपल फॉर अॅनिमल्सच्या करुणाश्रमात अशी जखमी जनावरे आणि वन्यप्राणी आणले जातात. शस्त्रक्रियेची किंवा तपासण्यांची गरज असेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हा पुढचा टप्पा.

मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला पाणी उपयोगी पडेल का, हे एका साध्या तपासणीवर बरेच अवलंबून असते. डॉक्टर बोटाचे हाड चिमट्याने दाबतात. कुत्रा मान वळवून बघतो किंवा कण्हतो, म्हणजे वेदना मेंदूपर्यंत पोचते आहे, आणि सुधारण्याची आशा चांगली. नुसता पाय मागे ओढला तर ती मणक्यातली प्रतिक्षिप्त क्रिया असते. घरचे लोक तिला सुधारणा समजतात आणि महिनोन्‌महिने चुकीची आशा धरून बसतात.

टाके काढून जखम पूर्ण कोरडी झाली की लहान कुत्र्याला मोठ्या प्लास्टिकच्या टबात, मोठ्याला हौदात उभे करता येते. पाणी कोमट, साधारण ३० अंश, खुब्यापर्यंत. पोटाखालून जुनी ओढणी घालून वरून धरावी, तळाला रबरी पायपुसणे टाकावे. दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहणे हाही व्यायाम आहे. बाहेर काढल्यावर अंग आणि कान पूर्ण कोरडे करावेत, लॅब्राडोरसारख्या लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे तर नक्कीच.

कधी करू नये?

उघडी जखम, ताप, दम लागणे, हृदयाचा आजार, जुलाब, नुकतेच जोडलेले हाड यांत पाणी बंद. लाळ्या खुरकुत किंवा लंपीचे जनावर सामाईक पाण्यात न्यायचे नाही. बैलाच्या गुडघ्याची वाटी वर अडकून पाय मागे ताठ राहत असेल तर तिथे कितीही चालवून उपयोग नसतो. त्यावर छोटी शस्त्रक्रिया असते आणि ती तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते.

पाण्याची मर्यादा दाखवणारे एक उदाहरण जगाने पाहिले. अमेरिकेचा बार्बारो हा घोडा २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकल्यावर दोनच आठवड्यांनी शर्यतीत पाय मोडून जायबंदी झाला. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताना त्याने धडपडून पाय पुन्हा मोडू नये म्हणून त्याला तराफ्यात बसवून पाण्याच्या तलावात जागे केले गेले. तो टप्पा त्याने पार केला. पण तीन पायांवर जास्त भार पडून खुरांचा दाह झाला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. पाण्यातला व्यायाम मालक करून घेऊ शकतो, पण तो कधी सुरू करायचा हे डॉक्टरांनी सांगायचे. गाय बसली असेल तर सकाळची वाट न बघता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे, आणि किती वाजता बसली, कोणत्या कुशीवर पडली आहे, आधी व्याली होती का, एवढे सांगावे. उपचाराची दिशा त्यावरून ठरते.